उद्ध्वस्त, पण आपलं

जग बुडाल्यानंतरची गोष्ट सांगणारे व्हिडिओ गेम पैशाला पासरी आहेत. पण २००७ साली आलेला 'स्टॉकर' मनातून जात नाही. माझ्या मते त्याचं श्रेय बंदुकांना नाही, मातीला आहे.

हा गेम केला कीव्हमधल्या पोरांनी. तिथून चेर्नोबिल शंभरेक किलोमीटरवर. २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टी फुटली आणि दुसऱ्या दिवशी शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं गेलं. तेच ओस शहर गेममध्ये आहे. शिवाय शेकोटीभोवती बसलेली माणसं, गिटार, पाव, डब्यातलं मांस आणि तिकडचे विनोद. ही माणसं भकास जागेतही संसार मांडतात, म्हणून ती जागा खरी वाटते.

"आपल्याकडे कुठे असं काही?" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. सातारा जिल्ह्यात कोयना धरणाखाली गावं गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर पडलं. खाली सांगलीत २००५ ला आणि २०१९ ला महापूर आला, रस्त्यांवरून बोटी फिरल्या. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना आधी विचारतात, "आयर्विन पुलाला पाणी किती फुटांवर? कोयनेतून किती सोडलं?"

बाहेरचा माणूस यावर गेम करेल तर नुसतं पाणी आणि पडक्या भिंती दाखवेल. माळ्यावर चढवलेलं धान्य, गच्चीवर पेटवलेला स्टोव्ह, दावणीची जनावरं सोडून निघायला तयार नसलेले आजोबा... हे त्याला सुचणार नाही. ते इथल्याच पोरांनी करायला हवं. तुम्हाला काय वाटतं?