प्लॅन वाढवण्याआधी स्विच बघा

जालन्यात बियाणे आणि सळईच्या धंद्यामागे हिशेबाची कितीतरी छोटी ऑफिसं चालतात. नेट संथ झालं की तिथला उपाय ठरलेला: मोठा प्लॅन. पण जुना स्विच १०० एमबीपीएसचा असेल, तर ३०० चा प्लॅन घेऊनही त्यावरच्या संगणकाला शंभराच्या पुढे वेग मिळत नाही. शिवाय टॅलीचा डेटा बहुधा शेजारच्याच संगणकावरून येतो. त्याचा बाहेरच्या नेटशी संबंध काय? म्हणून आधी गिगाबिट स्विच आणि कॅट-६ केबल. हा खर्च एकदाच होतो, प्लॅनचा दरमहा.

घरून काम करण्याची सोय मात्र स्वस्तात उरकू नये. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट थेट उघडं ठेवणं माझ्या मते अक्षम्य आहे. ‘आमच्यावर कोण हल्ला करणार?’ हा नेहमीचा आक्षेप. पण हल्लेखोर माणूस निवडत बसत नाही. प्रोग्राम उघडी पोर्टं धुंडाळत फिरतात, त्यांना जालना काय अन् लंडन काय. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस असाच, कुणालाही न निवडता, जगभर पसरला. म्हणून उघड्या पोर्टाऐवजी व्हीपीएन वापरावं. ते कटकटीचं असतं, हे खरं. काही इंटरनेट कंपन्या त्यासाठी लागणारा सार्वजनिक आयपीही देत नाहीत. मग स्थिर आयपीचे जादा पैसे मोजावेत. आणि राउटर, स्विच, टॅलीचा संगणक यूपीएसवर घ्यावेत, नाहीतर वीज गेली की पुण्याहून जोडलेला लेखापाल तिथल्या तिथे अडकतो.