वकील व्हायचंय? मग आधी वाचायला शिका

पी.यू.सी.चे निकाल लागले की दरवर्षी चार-दोन मुले आपल्या पालकांसह आमच्या दारी येतात. यंदा आलेल्या एका मुलाच्या पिशवीत जुन्या भारतीय दंडविधानाचे पुस्तक आणि दोन गाईडे होती. "सर, कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत. तोवर कलमे पाठ करतो, म्हणजे शहरातल्या पोरांच्या मागे पडणार नाही," असे तो म्हणाला. वडील म्हणाले, "पेरणीचं मी बघतो. ह्याला अभ्यासच करू दे."

बापाचा हा त्याग पाहून आम्हाला गहिवरून आले. तरीही ते पुस्तक आम्ही बाजूला ठेवायला सांगितले. कायद्याच्या वर्गात बसण्यापूर्वी अभ्यास करावा का, या प्रश्नाला आमचे उत्तर 'होय' असेच आहे. पण तो अभ्यास कलमांचा नव्हे.

कारण साधे आहे. 302 म्हणजे खून, हे गावातल्या कट्ट्यावर बसणाऱ्यालाही ठाऊक असते. पण 1860 चे दंडविधान जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. 511 कलमांच्या जागी 358 आली आणि खुनाची शिक्षा कलम 103 मध्ये गेली. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनाच कायदा लागतो. कोणते कोठे लागते, हे शिकविणारा लागतो. थोरल्या भावाच्या पुस्तकावरून पाठ केलेले पुढे विसरावे लागते, आणि विसरणे हे शिकण्यापेक्षा अवघड, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

मग आमची मुले पहिल्या वर्षी अडखळतात ती कशाने? कलमांनी नव्हे, भाषेने. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला हुशार मुलगा निकालपत्राच्या एका पानावर तासभर अडतो आणि आपण मठ्ठ आहोत असे समजून बसतो. आमचा एक विद्यार्थी तर दिवाळीलाच घरी परतला. तो मठ्ठ नव्हता. त्याला कोणी वाचायला बसविले नव्हते, एवढेच. त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे.

म्हणून या दोन महिन्यांसाठी आम्ही तीन गोष्टी सांगतो.

पहिली, इंग्रजी. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील न्यायालयाची एक बातमी घ्यावी. ती वाचून कोणाचे म्हणणे काय होते, न्यायालयाने काय ठरविले आणि का, हे मराठीत पाच ओळींत लिहावे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचा कारभार घटनेच्या 348 व्या कलमानुसार मुख्यतः इंग्रजीत चालतो. त्यातून सुटका नाही.

दुसरी, भारताचे संविधान, आणि तेही मराठीत. ते शासनानेच प्रसिद्ध केलेले आहे. सगळे नको. 29, 30, 350 आणि 350क एवढी कलमे शब्द मोजून वाचावीत. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याचा हक्क घटनेने दिला आहे, असे आम्ही सभेत अनेकदा ठणकावून सांगितले आहे. पण 1956 साली सातव्या दुरुस्तीने आलेले 350क नीट वाचा. तेथे राज्याने पुरेशा सोयी देण्याचा 'प्रयत्न' करावा असे म्हटले आहे. उलट 350 व्या कलमात, गाऱ्हाण्याचे निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा स्पष्ट 'हक्क' आहे. 'प्रयत्न' आणि 'हक्क' यांतला फरक ज्याला दिसला, त्याची वकिली सुरू झाली म्हणून समजा. भाषणात तो फरक चालून जातो, न्यायालयात नाही.

तिसरी गोष्ट काहींना रुचणार नाही. कन्नड वाचायला शिका. समितीचा माणूस हे सांगतो म्हणून भुवया उंचावतील. सक्तीला आमचा विरोध होता, आहे आणि राहील. पण सातबाऱ्याच्या जागी आपल्या हाती येणारा जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असतो, तालुक्याची नोटीस कन्नडमध्ये येते. एका घरी जमिनीची अशी नोटीस महिनाभर देव्हाऱ्यामागे पडून होती. वाचून घ्यायला आमच्याकडे आणली तोवर हरकतीची मुदत उलटली होती. मराठीतून नोटीस मागणे हा आपला लढा आहे. तो जिंकेपर्यंत आलेली नोटीस वाचणारा माणूस मात्र प्रत्येक गावात हवा. हुकुमात काय लिहिले आहे हे ज्याला कळत नाही, तो त्याविरुद्ध दाद कशी मागणार? आणि ही वाट तितकी परकी नाही. वकील, अर्जी, दावे, साक्षी, तकरारु, जमीनु हे शब्द तिकडेही आहेत. लिपी ओळखीची झाली की निम्मे काम झाले.

"कोऱ्या पाटीने या, आम्ही शिकवू," असे काही प्राध्यापक म्हणतात. कायद्यापुरते ते खरे आहे. पण ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, त्याची पाटी कोरी नसतेच. कोरी असते ती आमच्या खेड्यातल्या पोराची.

पालकहो, पोराला शेतातून अगदीच सोडवू नका. सकाळी दोन तास वाचन पुरे. एखादे दिवशी त्याला तालुक्याच्या न्यायालयात पाठवा. तेथे मागच्या बाकावर कोणालाही बसता येते. साक्ष कशी होते, उलटतपासणी कशी चालते, हे त्याने डोळ्यांनी पाहावे.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. लाठ्या खाल्लेली पिढी आता थकली. पुढची लढाई कागदावरची आहे आणि तिला घोषणा देणाऱ्यांइतकेच वाचणारे लागतील. आपल्या गावांतून वकील झालेल्यांनी या दोन महिन्यांत दर रविवारी एक तास शाळेत येऊन बसावे. वर्ग उघडून देण्याची जबाबदारी आमची.

तो मुलगा परवा पुन्हा आला होता. या वेळी पिशवीत गाईड नव्हते. घरच्या जमिनीचा उतारा होता आणि त्याने पहिल्या चार ओळी स्वतः लावल्या होत्या.