हजेरी कोणाची मोजावी?

परभणीकडे सोयाबीनची सुगी लागली की कुणब्याचे पोर काढणीला व लोहाराचे पोर भात्यावर बसते, कॉलेज बुडते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम म्हणतो, शेकडा 75 हजेरी भरा, वर्ग चढा. नाहीतर पैसे बंद! आम्ही विचारतो, पुष्कळदा वर्ष सरल्यावर पैसे धाडणाऱ्या सरकारची हजेरी कोण घेतो?

1917 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत सरली व बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. 1920 साली शाहू छत्रपतींच्या साह्याने ते पुन्हा गेले व 1923 साली डी. एस्सी. झाले. अडलेला विद्यार्थी नालायक नव्हे! बांधवहो, सुगीची रजा हजेरीत धरा, नापासाला एक वर्ष मुभा द्या, असा ठराव ग्रामसभेत करून सरकारकडे धाडा.