फडावरच्या भगिनीचा हक्क

दसरा-दिवाळी आटोपताच पाथर्डी तालुक्यातील असंख्य जोडपी उसाच्या फडाकडे निघतात. एका कोयत्यात, म्हणजे जोडप्याच्या जोडीत, श्रम दोघांचे, परंतु उचल म्हणजे आगाऊ रक्कम बहुधा पतीच्याच हाती. अशा संसारात मारहाण झाली तर तिचे वळ तरी दिसतात. पत्नीची कमाई बळकावणे, तिला माहेरी बोलू न देणे, अहोरात्र धाकात ठेवणे हे मात्र रिवाज म्हणून खपते, आणि हेच आम्हांस असह्य वाटते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आर्थिक व मानसिक छळही हिंसाच मानला असून, तात्पुरता मुक्काम असेल तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही पीडितेस अर्ज करता येतो. त्यासाठी सुटकेचा बेत गुप्त राखून, दस्तऐवज विश्वासू व्यक्तीकडे ठेवून, दुसऱ्याच्या फोनवरून १८१ वर साहाय्य मागावे. जिवावर बेतल्यास ११२. वाचकहो, अशी भगिनी दारी आल्यास समजूत घालून तिला परत धाडू नका.