परदेशी बरणीतले देशी पीक

लोणच्यासाठी जगभर वाखाणली जाणारी इवलीशी ‘गर्किन’ काकडी भारतात पिकते. भारतीय ताटात मात्र तिला स्थान नाही. कर्नाटक, तामिळनाडू व आंध्र प्रदेशातील लहान शेतकरी ती कराराने पिकवितात. २०२०-२१ मध्ये काकडी व गर्किन मिळून दोन लाख टनांहून अधिक निर्यात झाली. पण फळ थोराड झाले की भाव घसरतो आणि गावच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. केवळ परक्या मागणीवर विसंबलेले पीक कितीसे निर्धास्त असणार?

हे गिऱ्हाईक आपल्या घरांतूनच निर्माण झाले पाहिजे. गच्चीत भरपूर ऊन, मोठी कुंडी आणि वेलाला दोरीचा आधार एवढे पुरे. पेरणीनंतर पाचेक आठवड्यांत फळे मिळू लागतात. ती बोटाएवढी असतानाच तोडावीत. फुलाकडचे टोक कापावे, अन्यथा लोणचे मऊ पडते. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून काकड्या पूर्ण बुडवाव्यात. ज्या घरांत मिठाच्या पाण्यात कैऱ्या मुरल्या, तेथे हे शास्त्र नवे नव्हे. कुंडीतल्या चार वेलींनी बाजार उभा राहत नाही, हे खरे; पण चव रुजते, आणि बाजार चवीच्या मागोमाग येतो.