माल तुमचा, पण मास्टर कोणाचा?



"मधला माणूस काढा, थेट गिऱ्हाइकाला विका" हे तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. माझ्याच चॅनलवर दहा वेळा तरी. आणि त्यासाठी उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या एमी मॅन या गायिकेचं नाव हमखास येतं. कंपनीला लाथ मारली, स्वतःच्या वेबसाइटवर अल्बम विकला, जिंकली. टाळ्या.

मला ही गोष्ट अशी सांगितलेली पटत नाही. नीट बघा काय झालं ते.

एमी मॅन गाणी स्वतः लिहिते आणि गाते. सॉफ्ट रॉक म्हणा, आरडाओरडा नसलेलं, शब्दांवर चालणारं संगीत. पहिला सोलो अल्बम १९९३ चा; तो काढणारी कंपनी पुढे बंद पडली. मग ती गेफनकडे गेली. १९९९ मध्ये मोठ्या विलीनीकरणात गेफन इंटरस्कोपखाली गेली. नव्या साहेबांनी तिचा तयार अल्बम ऐकला आणि यात हिट गाणं नाही म्हणाले.

आता मुद्दा. गाणी तिची, आवाज तिचा. पण मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कंपनीचं. ते हातात नसेल तर एक सीडी छापता येत नाही. म्हणून तिने आधी काय केलं? स्वतःचाच अल्बम पैसे मोजून परत विकत घेतला. वेबसाइट नंतर आली. २००० साली 'बॅचलर नं. २' तिच्या सुपरइगो रेकॉर्ड्सकडून निघाला.

आणि ती शून्यातून उठली नव्हती हो! १९८५ मध्ये तिच्या 'टिल ट्यूसडे' बँडचं गाणं गाजलेलं होतं. १९९९ च्या 'मॅग्नोलिया' सिनेमात तिची गाणी होती, त्यातल्या एकाला ऑस्करचं नामांकन मिळालं. मॅनेजर कोण, तर जुन्या बँडचा ड्रमर मायकेल हॉसमन. घरचा माणूस. ओळख, वेळ आणि हिशेब बघणारा भरवशाचा माणूस, हे तिन्ही होतं. पुढे तोच अल्बम दुकानांतही गेला. म्हणजे मधला माणूस काही संपला नाही. फक्त मास्टर तिच्या कपाटात होतं.

हे मला का टोचतं, सांगतो. माझं मसाल्याचं दुकान. सुरुवातीला एका डिस्ट्रिब्युटरने पाऊचच्या छपाईचे सिलिंडर स्वतःच्या खर्चाने करून दिले. सहा रंग, सहा सिलिंडर. मी खूश, खर्च वाचला! दोन वर्षांनी मार्जिनवरून वाजलं, तेव्हा कळलं की मसाला माझा, आईची रेसिपी माझी, पण पाऊच त्याचा. बीबीएत मार्केटिंगला चांगले मार्क होते बरं का. भर सणात आम्ही साध्या पांढऱ्या पिशवीवर स्टिकर चिकटवून माल दिला. ओळखीचं गिऱ्हाईकसुद्धा विचारायचं, "तोच आहे ना?"

सिलिंडर परत मागितले तर भाव दुप्पट. शेवटी नवे केले, डिझाइनही बदलावं लागलं.

आता पुन्हा डिस्ट्रिब्युटर आहे, दुसरा. त्याच्याशिवाय तालुक्यात माल पोचत नाही, उगाच कशाला खोटं बोलू. पण यावेळी अ‍ॅग्रीमेंटमध्ये सिलिंडर, डिझाइनची फाइल आणि ट्रेडमार्क कोणाचा, हे लिहिलंय. पुढच्या व्हिडिओत ते ओळीओळीने दाखवतो. तोपर्यंत तुमच्या पाऊचचे सिलिंडर कोणाच्या नावाच्या बिलावर आहेत, ते तेवढं शोधून ठेवा.