मुलीला बर्फात पाठवायचं?



दिवाळीचा फराळ संपला, की शाळेतून चिठ्ठ्या यायला लागतात. कुणाची नाताळच्या सुट्टीत मनालीची सहल, तर कुणाचं बर्फावर स्कीइंग शिकवणारं शिबिर. अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत घरोघरी माळ्यावरचे स्वेटर खाली येतात. पण ज्या घरी मुलाला किंवा मुलीला रोज इन्शुलिनची सुई घ्यावी लागते, तिथे ती चिठ्ठी सहीवाचून परत जाते. "पुढच्या वर्षी बघू हं!" एवढं म्हणून आई विषय मिटवते.

पण पुढच्या वर्षीही सुई असणारच आहे. म्हणून आज याविषयीच बोलू या.

पहिली गोष्ट, मुलांचा हा मधुमेह आईने लाडू जास्त खाऊ घातले म्हणून होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे सुईला पर्याय नाही. पण खेळाला मनाई आहे असंही नाही. अमेरिकेचा क्रिस फ्रीमन हा बर्फावर स्कीने लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारा खेळाडू. 2000 साली त्याला हा मधुमेह असल्याचं कळलं. त्यानंतर 2002 ते 2014 या काळात तो चार हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला. 2010 साली व्हँकुव्हरला शर्यतीत साखर उतरून तो बर्फात कोसळला. कुणीतरी त्याला गोड पेय दिलं, तो उठला आणि शर्यत पुरी केली. यातलं 'कुणीतरी' महत्त्वाचं, बरं का! त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

थंडीत नेमकं काय बिघडतं? श्रमाने साखर उतरली, की मूल थरथरतं, घामेजतं, चिडचिडं होतं, बोलताना अडखळतं. बर्फात थरथर सगळ्यांनाच सुटते, आणि घाम कोटाच्या आत दिसत नाही. "थंडी वाजत असेल" म्हणून सोबतचे दुर्लक्ष करतात. म्हणून शंका आली, की लगेच साखर तपासायची. तपासणं जमत नसेल तर आधी साखर द्यायची, तपासणी मागाहून. चहाचे तीन चमचे साखर किंवा तेवढी ग्लुकोजची पावडर द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, साखर वर आली नसेल तर पुन्हा द्यावी. आपण प्रेमाने चिक्की आणि तुपाचे लाडू बांधून देतो. पण दाणे आणि तूप यांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. लाडू नंतरच्या भुकेला ठेवा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी किंवा सरबत ओतू नये. कुशीवर वळवून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

दुसरं म्हणजे इन्शुलिन. मुंबईच्या उकाड्यात आपण ते फ्रिजमध्ये जपतो. बर्फात उलट काळजी. एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी निकामी झालेलं असतं, ते फेकून द्यावं. पेन आतल्या सदऱ्याच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावं. पाठीवरच्या पिशवीत नको. विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेत घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. साखर मोजायचं यंत्रही फार गारठलं तर चुकतं किंवा बंद पडतं. तेही आतल्या खिशात. टोचण्याआधी बोटं चोळून गरम करावीत. सगळं सामान दुप्पट घ्या: एक संच मुलाजवळ, दुसरा शिक्षकांजवळ.

तिसरी गोष्ट रात्रीची. दिवसभर चाललेले स्नायू झोपेतही साखर ओढत राहतात. निजण्यापूर्वी आणि पहाटे दोन-तीनला तपासणी हवीच. त्या दिवसांत इन्शुलिनची मात्रा किती कमी करायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मनाने ठरवू नका. आणि उलट्या होत असोत की जेवण जात नसो, इन्शुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. साखर 250 च्या वर आणि लघवीत कीटोन असतील तर खेळ थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

आता त्या 'कुणीतरी'कडे येते. मुलीचा आजार आपण झाकून ठेवतो. "उद्या लग्नाच्या वेळी कुणी काही काढलं तर?" ही भीती खोटी नाही, समाज तसा आहेच. पण शिक्षकांना ठाऊक नाही, मैत्रिणीला ठाऊक नाही, आणि पोरगी बर्फात बसकण मारते. "दमली, बसू दे" म्हणून सगळे पुढे निघून जातात. भयंकर आहे ते बसणं! लग्नाचं लग्नाच्या वेळी पाहू, त्यासाठी मुलगी आधी धडधाकट घरी यायला हवी. शिबिराच्या प्रमुखांना आणि तंबूतल्या निदान दोन मैत्रिणींना सगळं सांगा. साखर कुठे आहे, ती कधी द्यायची, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. साखर उतरलेल्या मुलाला एकटं परत पाठवायचं नाही, हेही बजावा.

जाण्यापूर्वी रंगीत तालीम करा. एका रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जा. दारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आहेत. सकाळी चालत निघा. निघताना, मध्ये, पोचल्यावर आणि त्याच रात्री दोनला साखर तपासून वहीत लिहा. दोन-तीन रविवार असं केलंत, की आपल्या मुलाची साखर श्रमाने किती आणि केव्हा उतरते हे तुम्हाला कळेल, आणि डॉक्टरांनाही मात्रा ठरवता येईल. सुई टोचणं, तपासणं, साखर खाणं हे सगळं त्याचं त्याला करू द्या. तुम्ही फक्त बघा. हात पुढे करू नका, हेच आपल्याला सर्वांत जड जातं!

वही पाहून डॉक्टर "हरकत नाही" म्हणाले, तर चिठ्ठीवर सही करा. लोकरी मोजे दोन जोड जास्त द्या. ओले मोजे पायात राहू देऊ नका म्हणावं. आणि ग्लुकोजची पुडी प्रत्येक खिशात.